अल्माटीचं चर्च आणि बांधावरचा म्हसोबा

आमच्या टीममधले तिघं यंदा अल्माटीला जाऊन आले. थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, तिकीट परवडतं, बर्फ बघायला मिळतो. तिघांच्याही रीलमध्ये पानफिलोव बागेतलं ते पिवळं, रंगीत घुमटांचं लाकडी चर्च आहे आणि खाली लिहिलंय, ‘एकही खिळा न वापरता बांधलेलं’. ती दंतकथा आहे, जोडांमध्ये लोखंड वापरलेलं आहे. पण खरी गोष्ट दंतकथेपेक्षा भारी आहे.

अल्माटीचं तेव्हाचं नाव व्हेर्नी. रशियन साम्राज्याने 1854 मध्ये कझाखांच्या मुलखात किल्ला उभारला, त्याभोवती हे शहर वाढलं. 1887 च्या भूकंपात तिथली विटांची घरं जवळजवळ सगळी बसली. म्हणून 1904 ते 1907 या काळात आंद्रेई झेन्कोव नावाच्या इंजिनिअरने तिएनशान डोंगरातल्या स्प्रूसच्या लाकडात हे ऑर्थोडॉक्स चर्च उभं केलं. उंच झाड वाऱ्यात लवतं पण मोडत नाही, तशी इमारत हादऱ्यात लवली पाहिजे, हा हिशोब. 1911 मध्ये आधीच्यापेक्षा मोठा भूकंप आला. शहराची पुन्हा दैना झाली, चर्च उभं राहिलं.

क्रांतीपुढे मात्र काही चाललं नाही. प्रार्थना बंद पडली आणि 1930 च्या आसपास तिथे सरकारी संग्रहालय आलं. ते पन्नासेक वर्षं राहिलं. 1970 च्या दशकात देव न मानणाऱ्या त्याच सरकारने इमारतीची नीट दुरुस्ती केली. कझाकस्तान स्वतंत्र झाल्यावर, 1995 मध्ये, ती पुन्हा चर्चच्या ताब्यात गेली.

ज्याचं होतं त्याला मिळालं, असं म्हणून रील पुढे सरकवता येते. मी तिथे अडकलो. ज्यांनी देव बाहेर काढला त्यांनीच छप्पर गळू दिलं नाही, मग त्यांचा काहीच हक्क नाही? आणि रशियन यायच्या आधी त्या जमिनीवर ज्यांची जनावरं चरायची, त्यांना कोण काय परत करणार?

हे प्रश्न मला सुचायला कारण आहे. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, आता चांदोलीच्या जंगलात गडप झालेलं. 1967 च्या कोयनेच्या भूकंपात गावातल्या वाघजाईच्या देवळाच्या मातीच्या भिंती पडल्या, पण लाकडी खांबांवरचं छप्पर जागचं हललं नाही, असं आजोबा सांगायचे. झेन्कोवचं वाचताना मला तेच आठवलं. देऊळ भूकंपातून वाचलं, पुढे माणसंच उठली. 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. आमचं गाव मधल्या काळात सांगली जिल्ह्यात येऊन वसलं. निघताना कौल लावला, देवी ‘येते’ म्हणाली, आणि तिचा तांदळा भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमधून आला. देऊळ तिथेच राहिलं. आता ते बघायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, “स्वतःच्या देवाच्या दारात जायला चिठ्ठी लागते रं.”

इथपर्यंत आम्ही बिचारे. पुढचं घरात कोणी सांगत नाही.

पुनर्वसनाच्या कायद्यात लाभक्षेत्रातल्या जास्त जमीन असलेल्या शेतकऱ्यांकडून स्लॅबप्रमाणे जमीन काढून धरणग्रस्तांना द्यायची तरतूद आहे. आम्हाला मिळालेलं रान असंच एका शेतकऱ्याचं होतं. त्याच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. त्या घरातले अण्णा दर आखाडात नैवेद्य घेऊन यायचे. सातबारा आमचा, म्हसोबा त्यांचा. आजोबा असेपर्यंत कोणी काही बोललं नाही. उलट अण्णा आले की आजोबा विहिरीवरून पाणी आणून द्यायचे. पाच वर्षांपूर्वी तात्यांनी तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. “उद्या देवाच्या नावावर जमीन मागतील,” हे त्यांचं कारण. भीती अगदीच खोटी नाही, तशा केसेस होतात. एकदा सरकारी कागदावर सगळं गमावलेला माणूस दुसऱ्यांदा कागद सोडायला तयार होत नाही, हेही मला कळतं.

पण हिशोब जुळत नाही. आम्हाला चिठ्ठी लागते म्हणून तीस वर्षं रडणारे आम्ही, आणि अण्णांना फाटकापाशी उभं राहून “तात्या, किल्ली देता का?” असं विचारावं लागतं. कायद्याने आम्ही बरोबर आहोत. कायद्याने वनखातंही बरोबर आहे.

नव्या देवळाच्या स्लॅबसाठी मी 21 हजार पाठवले तेव्हा तात्यांना फोन करून म्हटलं, कुंपण राहू दे, निदान बांधाच्या बाजूने एक वाट सोडा. ते म्हणाले, “तू गावाकडं येतोस वर्षातून दोनदा, तुला काय जातंय बोलायला?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदा आखाडात सुट्टी काढली होती. अण्णा आले, आता काठी टेकत चालतात. तात्या बाजाराला गेले होते. किल्ली कुठे टांगलेली असते ते मला माहीत होतं. फाटक उघडलं, विहिरीवरून कळशी भरून आणली. अण्णांनी नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातात दिली आणि विचारलं, “तात्याला सांगून उघडलंस का?”