देवी पावते, माणूस पावतो

‘पावणे’ हे मराठी क्रियापद संस्कृतातील ‘प्राप्नोति’ या रूपापासून प्राकृतातील ‘पावइ’मार्गे आलेले असून त्याचे तीन अर्थ आज एकत्र नांदतात. माणूस मृत्यू, मोक्ष किंवा समाधान पावतो तेव्हा त्याचा अर्थ मिळणे असा होतो. पाठवलेली रक्कम पावते तेव्हा पोहोचणे असा होतो, आणि ‘पावती’ हे नाम याच अर्थातून निघाले. तुळजापूरची भवानी नवसाला पावते तेव्हा मात्र प्रसन्न होऊन धावून येणे असा अर्थ घ्यावा लागतो. पहिल्या अर्थात माणूस कर्ता आहे आणि मोक्ष कर्म. तिसऱ्यात देवी कर्ता होते आणि माणूस, किंवा त्याचा नवस, चतुर्थीत जाऊन बसतो. दैवत ही माणसाने गाठायची गोष्ट आहे की दैवतच माणसाला गाठते, हा भक्तिविचारातला जुना वाद अशा रीतीने एकाच क्रियापदात सामावलेला दिसतो.

मिळणे आणि पोहोचणे हे अर्थ एकत्र येणे ही केवळ मराठीची लकब नव्हे. इंग्रजीतील ‘गेट’ हे अतिपरिचित क्रियापद वस्तू मिळण्यालाही चालते आणि घरी पोहोचण्यालाही. फिनिश भाषेत या दोन अर्थांसाठी ‘साआदा’ आणि ‘साआपुआ’ अशी वेगळी क्रियापदे आहेत, पण ती एकाच मुळातून फुटलेली आहेत, आणि फिनिशच्या दूरच्या नात्यातील एर्झ्या भाषेत त्याच मुळाचा अर्थ ‘येणे’ असा होतो. ‘साआदा’ला तर मुभा असणे हाही अर्थ आहे, म्हणजे जे मिळते ते कोणीतरी मिळू दिलेले असते, अशी छटा तिथे सापडते. दैवताने प्रसन्न होण्याचा अर्थ मात्र या क्रियापदांनी घेतलेला नाही. तो मराठीने आपल्या क्षेत्रांच्या आणि नवसांच्या सहवासात घडवला.

व्याकरणाची एक खूण इथे फार महत्त्वाची आहे. ‘त्याने मोक्ष मिळवला’ या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘तो मोक्ष पावला’ यात कर्म असूनही ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद गेला, आला, पोहोचला यांच्याप्रमाणे कर्त्याच्याच मागे राहते. मिळवणाऱ्याचा पराक्रम भाषेने इथे नोंदवलेलाच नाही. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनी मोक्ष हा उत्पाद्य, आप्य, विकार्य किंवा संस्कार्य, म्हणजे घडवण्याजोगा, गाठण्याजोगा, पालटण्याजोगा किंवा शुद्ध करण्याजोगा, नाही असे प्रतिपादन केले; त्यातील ‘आप्य’ हा शब्द ‘पावणे’च्याच धातूपासून झालेला आहे. जे सर्वत्र आहे ते नव्याने गाठता येत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद होय.

तुळजापुरात या सूक्ष्म विचाराला लगेच आडवा येतो तो नवस. नवस बोलला जातो आणि देवी पावली की लोटांगण घालून, ओटी भरून, परडी घेऊन किंवा जोगवा मागून तो फेडला जातो. ‘फेडणे’ हे क्रियापद उघडच कर्जाचे आहे, आणि म्हणून नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा अशी टीका सहज होते. ही टीका अर्धीच खरी आहे, कारण सौदा दोन पक्षांनी मान्य करावा लागतो, तर नवसात एकच पक्ष बोलतो, आणि इच्छा पुरी झाली नाही तर भाविक ‘पावली नाही’ एवढेच म्हणतो, वचनभंगाचा आरोप करीत नाही. क्षेत्रकथाही सौद्याची नाही. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या तपात कुकुर दैत्याने विघ्न आणले, तिने धावा केला आणि देवी त्वरित आली, म्हणून ती त्वरिता आणि पुढे तुळजा झाली, असे परंपरा सांगते. नावाची ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो न पटो, तिच्यात पावणे म्हणजे येणे हा अर्थ भक्तांनीच निवडलेला आहे.

तुळजापूरच्याच जिल्ह्यातील तेर येथे कुंभार संत गोरोबाकाकांच्या कथा याहून पुढे जातात. हात तुटलेल्या गोरोबांच्या घरी विठ्ठल कुंभार होऊन राबला, ही कथा न मागता पावलेल्या देवाची आहे. पण संतमेळाव्यात त्याच गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके मडक्यासारखे तपासले, तेव्हा नामदेव कच्चे ठरले, आणि नामदेवांशी तर पांडुरंग प्रत्यक्ष बोलत असे. देव पावणे आणि माणसाने पावणे या दोन वेगळ्या घटना आहेत, एक घडली म्हणून दुसरी घडतेच असे नाही, हे कोणत्याही भाष्यापेक्षा ही कथा धीटपणे सांगते. पुढे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, तर ते पिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. पाय जिथे देव नसेल तिथे उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले, आणि नामदेवांनी ते जिकडे हलवले तिकडे पिंडच उभी राहिली.