थोरली, धाकटी

गाडी देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी लागली आहे. धारहून इंदूरमार्गे शंभरेक किलोमीटर झाले. इंजिन लगेच बंद करू नका. नुसते बसा.

वर दोन देवी आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा. खालचं गावही एके काळी दोघांचं. १७२८ मध्ये तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांच्या हाती देवास आलं, आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत एकाच गावात दोन राज्यं नांदली: थोरली पाती, धाकटी पाती.

आपल्या गाडीतही थोरली-धाकटी आहेत, दोन बॅटऱ्या. थोरली बॉनेटखाली, सेल्फ मारताना क्षणभर शेकडो अँपिअर देते, मग गप्प. धाकटी मागे, बाकड्याखाली. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, रात्रभर थोडं थोडं देणारी. (धाकटी लिथियमची असेल तर मध्ये वेगळा चार्जर लागतो. आज तो विषय नको.)

दोघींमधल्या लाल वायरीवरून मनानेच बोट फिरवा. दोन्ही टोकांना फ्यूज आहे ना? एकाच टोकाला लावून लोक निवांत होतात, पण या वायरीत वीज दोन्हीकडून येऊ शकते. जाडी पाहा. पाच मीटर तांब्याची वायर चार चौरस मिलिमीटरची असेल, तर तीस अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातो. सोळाची घेतली तर ०.२ च्या आत. सोळाची महाग, वाकवायला हट्टी. तरी तीच घ्यावी.

आता बोट रिलेपाशी थांबवा. थोरलीकडचा व्होल्टेज १३.३ पर्यंत चढला की हा दोघींना जोडतो, १२.८ पर्यंत उतरला की सोडवतो. तोवर धाकटीने थांबायचं. मला हा पंक्तिप्रपंच वाटायचा. म्हणून एकदा धारला मी दोघी थेट जोडल्या आणि रात्रभर पंखा लावून झोपलो. सकाळी सेल्फने नुसतं खट्ट केलं. दोघी उतरलेल्या. उपाशी कुणीच राहू नये म्हणून केलेली वाटणी, आणि धक्का मारायला चार अनोळखी माणसं.

इंजिन बंद करा. पंखा राहू द्या. मीटरवर १३.४. श्वास सावकाश. १३.१. टेकडीवरचे दिवे लागताहेत. १२.९. वाट पाहा.

टक.

पंखा फिरतोच आहे.