मामा कुठे आहेत?

घरात वस्तू हरवतात हे कुणालाही पटते. चष्मा कपाळावर सापडतो, किल्ली कुलपालाच लटकत असते. पण माणूस स्वतःच्याच तीन खोल्यांत हरवतो म्हटले की लोक हसतात. आम्हीही हसायचो. पण रात्री बाथरूमला म्हणून उठलेले मामा देवघरापाशी उभे राहून मामींनाच ‘हे घर कुणाचं हो?’ असे विचारू लागले, तेव्हापासून हसणे बंद झाले.

वास्तविक वाट दाखवणारे यंत्र प्रत्येकाच्या डोक्यात जन्मतःच बसवलेले असते. ‘आपण अमुक कोपऱ्यात आहोत’ एवढेच ओळखणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांनी १९७१ साली उंदराच्या मेंदूत दाखवल्या. पुढे मे-ब्रिट आणि एड्वर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात आणखी काही शोधल्या आणि २०१४ चे नोबेल तिघांनी वाटून घेतले. अल्झायमरचा आजार आधी बिऱ्हाड थाटतो ते नेमके याच आळीत.

मामेभावाने यावर मोबाईलचा उपाय काढला. उपग्रह असतो वीस हजार किलोमीटरवर. त्याची क्षीण हाक स्लॅबखाली धड पोचत नाही. म्हणून त्याने प्रत्येक खोलीत काडेपेटीएवढी एकेक डबी चिकटवली. ती ब्लूटूथवर ‘मी स्वयंपाकघर, मी स्वयंपाकघर’ असा अखंड जप करते. कुणाचा जप मोठ्याने ऐकू येतो त्यावरून मोबाईल आपली जागा ठरवतो. मधे भिंत, गोदरेजचे कपाट किंवा एखादे भरदार माणूस आले, की जप दबतो आणि मोबाईल खुशाल शेजारची खोली सांगतो. शिवाय त्याला मामा कळतच नाहीत, मामांचा खिसा तेवढा कळतो. एकदा मामांनी मोबाईल लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिला, तर ऑफिसात बसलेल्या चिरंजीवांना वडील तीन तास स्वयंपाकघरात निश्चल उभे दिसत होते!

पण माझी अडचण वेगळीच. हीच डबी मामांना सांगते, ‘डावीकडे वळा, बाथरूम आहे.’ ही झाली काठी. आणि मुलाला सांगते, ‘बाबा बाथरूममध्ये शिरले.’ हे झाले दावे. दाव्याचे एक टोक नेहमी दुसऱ्याच्या हातात असते.

आमच्या बँकेत लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक खातेदाराची. चार पाटल्या बघायला जर खातेदाराची किल्ली लागते, तर अख्ख्या माणसाचा ठावठिकाणा एका किल्लीत कसा उघडायचा?

“दादा, त्यांची किल्लीच हरवलीय ना!” मामेभाऊ म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. पण किल्ली हरवली म्हणून बँकही लगेच छिन्नी-हातोडा आणत नाही. आधी रीतसर कागद होतात, मग साक्षीदारांसमोर लॉकर फोडतात. आणि मामांची किल्ली अजून पुरती हरवलेली नव्हती. सकाळच्या चहानंतर तास-दीड तास ती जागेवर असते. तेव्हाच विचारून घ्यावे, असे माझे मत पडले. पुढच्या वर्षी कदाचित विचारताही येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. बोलले कुणीच नाही.

मामांनी सगळे ऐकून घेतले. “मी कुठे आहे ते मला कळत नाही, याला तरी कळू दे,” ते म्हणाले. “पण बाथरूमचं नको.”

“बाबा, माणसं पडतात ती तिथेच!”

“पडलो तर हाक मारीन.”

“आणि हाक मारायचं विसरलात तर?”

मामा बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अर्धा तास. त्यानंतर बोंबलू दे तुझ्या डबीला.”

मुलगा दहा मिनिटांवर अडून बसला. मेथीची जुडी घ्यावी तशी घासाघीस झाली आणि सौदा वीस मिनिटांवर तुटला.

“वीस?” मामी आतून म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून हे चाळीसच्या आत बाहेर आलेले मी पाहिले नाहीत!”

तूर्त पंचवीस मिनिटे ठरली आहेत. फेरविचार दर महिन्याच्या एक तारखेला, चहानंतर.