दुसऱ्या झाडाखाली

शांत बसा. हातात 'अक्करमाशी' घ्या. शरणकुमार लिंबाळे यांचं हे आत्मकथन १९८४ साली आलं. लेखक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. स्वामींच्या दर्शनाला म्हणून त्या तालुक्यात आपण किती वेळा गेलो असू. ज्वारीची भाकरी, एसटी स्टँड, माणसांची बोली, सगळं ओळखीचं. तरी चार पानं वाचली की छाती जड होते. होऊ द्या.

पुस्तकात शाळेची सहल आहे. वरच्या जातीची मुलं एका झाडाखाली बसतात, महारांची मुलं दुसऱ्या. पहिल्या झाडाखाली डबे उघडतात. जेवणं उरकली की उरलंसुरलं दुसऱ्या झाडाखालच्या पोरांच्या वाट्याला येतं. घरी गेल्यावर आई विचारते, त्यातलं माझ्यासाठी का नाही आणलंस? दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात.

इथे थांबा. पुढे वाचू नका. मनात काय उठलं, तेवढंच पाहा.

डोळे भरून आले असतील. त्यात वावगं काही नाही. पण रडलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की पान उलटलं जातं. राग आला असेल, तर तो कोणावर आला ते तपासा. बहुतेक वेळा तो 'त्या काळा'वर निघतो. काळ काही उलटून बोलत नाही. 'आता तसं राहिलं नाही' हे वाक्य ओठांवर आलं असेल, तर ते किती चटकन आलं तेही पाहा.

आणि हे सारं तुमच्याच घरात घडून गेलेलं असेल, तर तुमचं वाचन निराळं. तुम्हाला धक्का बसत नाही. आजी कशाबद्दल कधी बोलली नाही, ते कळतं. हे पान तुम्ही दुसऱ्यांदा सोसलंच पाहिजे असं नाही. पुस्तक मिटावंसं वाटलं, तर खुशाल मिटा.

बाकीच्यांनी थोडं आणखी बसू या. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या कहाण्या वाचताना आपण लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. तिथल्या मालकांत आपला आजा-पणजा नसतो, म्हणून ते सोपं जातं. जोतीराव फुल्यांनी हे सोपेपण स्वीकारलं नाही. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, आणि पुस्तक लिहिलं ते मात्र इथल्या गुलामीवर. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनेही नाव घेतलं ब्लॅक पँथरचं आणि भांडण मांडलं इथलं. आपण मात्र दूरचं वाचून दूरच राहतो का?

आता पुन्हा त्या वर्गात या. निबंध पहिल्या झाडाखालच्या मुलांनाही लिहायचा होता. त्यातल्या एकाची वही मनात उघडा. सकाळी निघालो, खूप खेळलो, झाडाखाली जेवलो, मजा आली. यात खोटं एक अक्षर नाही. फक्त दुसरं झाड नाही. तो मुलगा दुष्ट नसेल. उरलेलं अन्न वाटलं म्हणून त्याला आपलं कौतुकही वाटलं असेल.

थोडा वेळ त्या मुलाच्या शेजारी बसा. त्याला दोष देऊ नका, त्याची बाजूही मांडू नका. तुमच्या लहानपणीच्या सहली, लग्नाच्या पंगती, वाड्याचं मागचं दार आठवा. कोण कुठे बसत होतं? कोणाला वरून पाणी वाढलं जात होतं? आठवत नसेल, तर का आठवत नाही?

एवढं झालं की उठा. घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी जाऊन सहज विचारा, आपल्याकडे वेगळी कपबशी कोणासाठी ठेवलेली असायची? त्यांनी विषय बदलला, तर वाद घालू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा.