सोनं गेलं, देवी राहिली

व्हिएतनामच्या न्हा त्रांग शहरात लोक उजाडताच समुद्रात उतरतात. आजीआजोबा, शाळकरी पोरं, कामावर निघायच्या आधी दोन डुबक्या मारून घेणारी माणसं. ऊन तापलं की ही मंडळी घरी जातात आणि किनारा आमच्यासारख्या पाहुण्यांना मोकळा होतो. बेंगळुरूहून हो ची मिन्ह सिटी आणि तिथून इथे, असा प्रवास करून आम्ही मायलेकी आदल्या रात्री पोचलो होतो. मुलीला बोटीने बेटांवर जायचं होतं, मला पो नगर देवीच्या देवळात. आधी देवी, मग बेटं, असं ठरलं.

नदी समुद्राला मिळते तिथे एका टेकडीवर विटांची चार देवळं उभी आहेत. खाली निळ्या रंगाच्या मासेमारी बोटी, पुढे पूल, पलीकडे समुद्र. हा एके काळी चंपा देशातला कौठार प्रांत होता. इथल्या चाम राजांची नावं सत्यवर्मन, इंद्रवर्मन अशी आणि त्यांचे बरेचसे लेख संस्कृतात. मुख्य देऊळ सुमारे तेवीस मीटर उंच आहे. विटा एकमेकींना अशा भिडल्यात की सांध्यात चुना नजरेला पडत नाही. दाराच्या दगडी चौकटीवर अक्षरं कोरली आहेत, वर चार हातांची नाचणारी मूर्ती.

आत जाताना अंगावर घालायला राखाडी झगा मिळाला. गाभाऱ्यात अंधार आणि उदबत्त्यांचा दाट धूर. देवी दगडी आहे, पद्मासनात बसलेली, दहा हातांची. पण रेशमी वस्त्रं आणि मुकुट यांत ते हात सहजी दिसत नाहीत. आपल्या अंबाबाईचीही मूळ मूर्ती साडी आणि दागिन्यांआड असते, तसंच. माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिने केळी आणि ड्रॅगन फ्रूटचं ताट ठेवलं, उदबत्त्या दोन्ही हातांत धरून तीनदा कपाळापर्यंत नेल्या आणि पुटपुटत राहिली. मग वळून पाहिलं, आणि काही न बोलता तीन उदबत्त्या माझ्या हातात दिल्या.

बाहेर आल्यावर मुलगी हरखून म्हणाली, "आई, ही तर आपलीच देवी!"

तिचा आनंद खरा होता. पण ते वाक्य माझ्या मनात दिवसभर राहिलं. देवी आपली म्हणजे कुणाची? जिच्या मूर्तीचं शास्त्र भारतातून आलं म्हणून आपली? की जिला चामांनी घडवलं, म्हणून चामांची? की जी म्हातारी फळं घेऊन आली तिची? ती तर तिला संस्कृत लेखांतल्यासारखं भगवती म्हणतही नाही. व्हिएतनामी लोक तिला थिएन ई आ ना म्हणतात. त्यांच्या कथेत ती अगरूच्या ओंडक्यात शिरून समुद्रावर वाहत गेली, दूरदेशी राजपुत्राशी लग्न केलं आणि परत आली.

या देवीचा इतिहासच या प्रश्नाला भिडतो. ७७४ साली समुद्रावरून आलेल्या हल्लेखोरांनी इथलं देऊळ जाळलं. सत्यवर्मनाने दहा वर्षांत ते विटांचं बांधलं. ९१८ साली इंद्रवर्मनाने देवीची सोन्याची मूर्ती बसवली; पुढे कंबुज (आजच्या कंबोडियातल्या) सैन्याने ती लुटून नेली. ९६५ साली जय इंद्रवर्मनाने त्याच जागी दगडाची मूर्ती स्थापली. लुटणाऱ्यांना सोनं मिळालं. देवी मिळाली का? मिळाली असती, तर दगडापुढे कुणी हात जोडले नसते.

आपल्या आगमशास्त्राला ही गोष्ट ठाऊक आहे. मूर्ती जीर्ण झाली तर तिच्यातलं दैवत मंत्राने कलशातल्या पाण्यात उतरवतात आणि नव्या मूर्तीत त्याची प्रतिष्ठा करतात. म्हणजे मूर्ती हे देवतेचं बसण्याचं ठिकाण, देवता नव्हे. कायद्यानेही हे वेगळ्या वाटेने मान्य केलं. १९२५ च्या मल्लिक खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की मूर्ती ही कुणा घराण्याची जंगम मालमत्ता नाही. तिला स्वतःचं हित आहे, स्वतःची इच्छा आहे. सेवेकरी तिचा मालक होत नाही. त्याचा अधिकार त्याच्या सेवेतून येतो.

आपला विठोबाच पाहा. ज्ञानदेवांनी त्याला कानडा म्हटलं, संशोधक ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात त्याची मुळं दक्षिणेतल्या गवळी-धनगरांत शोधली. परंपरा सांगते की त्याची मूर्ती विजयनगरला गेली होती आणि भानुदासांनी ती परत आणली. तरी तो मराठी माणसाच्या हाडामांसाचा आहे, कारण वारी शतकानुशतकं चालत राहिली. पायांनी त्याला आपला केला, कुळाने नव्हे.

आणि बेंगळुरूतलं आमचं मल्लेश्वरम. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांनी जिंकलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. १६६९ च्या शिलालेखात त्यांचे पुत्र एकोजीराजांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला गाव दिल्याची नोंद आहे. तोच आमचा काडु मल्लेश्वर. पाव शतकाच्या आत इथली मराठी सत्ता गेली. आज तिथे अर्चक कन्नड बोलतात, संकल्प संस्कृतात होतो, फुलवाली तमिळ आहे, आणि सोमवारी रांगेत मीही असते. एकोजीराजांच्या दानपत्रामुळे तो माझा, असं मला कधी वाटलं नाही. पहाटे उठून जो त्याला पाणी घालतो, त्याच्या मागे उभं राहून मी त्याची होते.

यावर एक आक्षेप खरा आहे. सेवेने देव आपला होत असेल, तर तलवारीच्या जोरावर देऊळ घेऊन पूजा चालू ठेवणाऱ्यालाही तो मिळतो का? १६५३ मध्ये व्हिएतनामी सरदारांनी कौठार घेतलं. चाम दक्षिणेला सरकले. पण जाताना त्यांनी देवीला सोडलं नाही; पूर्वीच्या निन्ह थुआन प्रांतातल्या हू डुक गावी तिची पूजा त्यांच्या भाषेत, त्यांच्या पुजाऱ्यांकडून आजही होते. चामांवर अन्याय झाला, तो पूजेने पुसला जात नाही. मात्र जिंकणाऱ्यांनी देऊळ घेतलं, जमीन घेतली, देवी हिरावून घेता आली नाही. आज ती दोन्हीकडे आहे, कारण दोन्हीकडे तिची सेवा करणारं कुणीतरी आहे.

दुपारी त्रान फू रस्त्यावरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर येर्सिनचं संग्रहालय पाहिलं. प्लेगचा जंतू याने १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला, आणि १८९७ मध्ये आपलं सीरम घेऊन तो मुंबईलाही आला होता. पुढच्याच वर्षी प्लेग बेंगळुरूत शिरला आणि गर्दीच्या पेठेतून माणसं मोकळ्यावर हलवण्यासाठी जी वसाहत आखली गेली, ती मल्लेश्वरम. त्याच साथीत शहरात प्लेग मारम्मांची देवळं उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला येर्सिन न्हा त्रांगच्या कोळ्यांत राहिला, त्यांचं औषधपाणी केलं आणि १९४३ मध्ये इथेच वारला. शहराबाहेर त्याच्या समाधीपाशी लोक उदबत्ती लावतात. त्याच्या कुळाची, धर्माची चौकशी कुणी करत नाही. त्याने सेवा केली म्हणून तो त्यांचा झाला. सकाळच्या देवळातलं नातं आणि हे नातं मला एकाच जातीचं वाटलं.

म्हणून परदेशातल्या देवळात "हे आपलं होतं" असं म्हणायची घाई मला नको वाटते. त्या वाक्यात अभिमान आहे, पण श्रद्धा नाही. आणि ज्यांनी धूप जाळत, केर काढत ते देऊळ जिवंत ठेवलं, त्यांचा विसर आहे. संध्याकाळी बेटांवरून बोटीने परतताना मी मुलीला एवढंच सांगितलं: आपली म्हण, जरूर म्हण, पण मग उद्या फळं घेऊन जाऊ आणि त्या लोकांच्या मागे रांगेत उभं राहू. तिने होकार दिला, आणि हॉटेलच्या माणसाला बाजार किती वाजता उघडतो ते विचारून आली.