निवृत्त शोधकाची नैतिक भूमिका

रहस्यकादंबरीतील निवृत्त गुप्तहेर ही केवळ कथानकाची सोय नसते. पदाबरोबर अधिकार गेला तरी उत्तरदायित्व संपते काय, असा प्रश्न तो उभा करतो. एकामागून एक खून करणाऱ्याच्या कथेत मात्र या प्रश्नाचे उत्तर पाठलागात शोधले जाते. खुनी सापडला की न्यायही झाला, असे ही कथनव्यवस्था गृहीत धरते.

वास्तवात हे गृहीत टिकत नाही. मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्यांचे खून करणारा रामन राघव १९६८ मध्ये पकडला गेला. त्याने कबुलीही दिली. १९६९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा मनोविकार लक्षात घेऊन ती जन्मठेपेत बदलली. खून कोणी केले हे ठरले होते; त्याला कितपत जबाबदार धरावे, हा प्रश्न मात्र अठरा वर्षे खुला राहिला.

या तपासाचे नेतृत्व करणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांनी निवृत्तीनंतर आपले अनुभव ग्रंथरूपाने मांडले. निवृत्त शोधकाजवळ आता पाठलाग नसतो, निवेदन असते; आणि त्याची खरी नैतिक कसोटी तेथेच लागते. कारण खुन्याचे नाव लोकस्मृतीत दंतकथेसारखे रुजते, तर बेघर मृतांची केवळ संख्या उरते. कादंबरीकार खुन्याला शोधकाचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी करतो, तेव्हा हा अन्याय अधिकच दृढ होतो. म्हणून अशा संहितेला समीक्षेने विचारावयाचा प्रश्न ‘खुनी कोण?’ हा नसून ‘मेले ते कोण होते?’ हा आहे.