आडनाव न विचारणारा माणूस

आपला माणूस परदेशात जाऊन आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "तिथं कुणी जात विचारत नाही." मग तो दुबईत नोकरी करून आलेला असो, नाहीतर बँकॉकच्या सहलीहून. ऐकणारे माना डोलावतात. कुणीतरी सुस्कारा सोडतो. चहा येतो आणि विषय संपतो.

दोस्तांनो, हा विषय एवढ्यावर संपू द्यायचा नाही. जात न विचारणं म्हंजे समता का? ज्याला माझं आडनाव ठाऊक नाही त्यानं मला शेजारी बसवलं, तर त्यानं नेमकं कुणाला बसवलं? मला, का एका पाहुण्याला? आणि तो फक्त पाहुण्यालाच बसवत असेल, तर त्या बसवण्याची किंमत काय धरायची?

मी सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असतो. शाळा दहावीपर्यंत. बाकीचं वाचन तिसऱ्या पाळीनंतरचं. 2024 च्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराची बेचाळीस माणसं श्रीलंकेला गेली. दोन वर्षं भिशी लावून पैसे साठवले होते. धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, झाडूखात्यातनं रिटायर झालेले दोघं, एक प्राथमिक शिक्षक आणि गिरणीतले आम्ही चौघं. या प्रश्नाची गाठ मला त्या प्रवासात पडली, म्हणून तिथलंच सांगतो.

वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत रस्तोरस्ती 'दानसल' लागतात. शब्द आपल्या दानशालेचाच. गल्लीतली पोरं वर्गणी काढतात, भात शिजवतात, सरबत करतात आणि रस्त्यात उभं राहून गाड्या अडवतात. पैसे मागायला नाही, जेवायला या म्हणून. अनुराधापूरच्या अलीकडं आमची बस अशीच अडवली. आमच्यात सत्तरीतली एक आज्जी होती. पांढऱ्या कपड्यातल्या एका म्हातारीनं तिचा हात धरला, बाकावर बसवलं, पुढं ताट ठेवलं आणि पाण्याचा गिलास हातात दिला. आज्जी जेवेना. नुसती गिलासाकडं बघत बसली. हिच्या लहानपणी गावात पाणी वरनं ओतायचे, ओंजळीत. ती एवढंच म्हणाली, "हातात दिला गं हिनं."

मग त्या दोघींनी मिळून त्रिसरण म्हटलं. पाली तीच, चाल वेगळी. एकीला मराठी सोडून काही येत नाही, दुसरीला सिंहली सोडून. तरी मध्ये कुठं अडलं नाही.

रात्री बसमध्ये दोन तट पडले. एक म्हणाला, हाच खरा बुद्धाचा देश, इथं जात नाही. दुसरा आमचा शिक्षक. तो म्हणाला, "गप बसा. 2022 मध्ये या देशाचं परकीय चलन आटलं, पेट्रोलला मैलभर रांगा लागल्या, राष्ट्राध्यक्ष पळून गेला. त्यांना टूरिस्ट पाहिजेत. टूरिस्टला बघून सगळेच हसतात."

मला दोघांचंही पटलं नाही. दुसऱ्याचं आधी घेऊ. दुकानदाराच्या हसण्यात पोट असतं, हे खरं. पण पोटासाठी हसणं हे कामच आहे आणि कामाला खोटं म्हणायची सवय आपल्याला नको. शिवाय दानसलवाल्या म्हातारीला आमच्याकडनं काय मिळणार होतं? तिनं घरचा तांदूळ घातला. आज्जीच्या हाताला जे कळलं ते खोटं नाही. साठ-पासष्ट वर्षं ज्या शरीरानं अंतर राखायचं शिकलं, त्याला पाच मिनिटांत कळलं की हे अंतर निसर्गानं घातलेलं नव्हतं, माणसांनी घातलं होतं. हा पुरावा आहे. तो कुणी हिसकावून घ्यायचा नाही.

आता पहिल्याचं. "इथं जात नाही." हे मात्र तपासावं लागतं.

कँडीला दंतधातूच्या विहारात संध्याकाळच्या पूजेला आम्ही उभे होतो. उघड्या अंगाची, पांढरं नेसलेली, कमरेला लाल पट्टा बांधलेली माणसं ढोल वाजवत होती. त्यातलं तम्मट्टम नावाचं वाद्य म्हंजे हुबेहूब आपला संबळ. दोन तोंडं, वाकड्या काठ्या. आमच्यातल्या एका हलगीवाल्याच्या पोराचे पाय तिथंच थिरकायला लागले. मला मात्र वेगळंच दिसत होतं. ढोल वाजवणारे आत जात नव्हते. दार उघडणारे वेगळे, पूजा करणारे वेगळे. ही वाटणी मी कुठंतरी बघितलेली होती. गावात.

बसवर एक हेल्पर होता. माझ्याच वयाचा. तीन वर्षं दुबईत काम केल्यामुळं हिंदी बोलायचा. मला 'भैया' म्हणायचा. रात्री बस धुताना मी त्याच्या जोडीला पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो. म्हटलं, बाबा, आम्ही सगळे मूळचे कोण ते तुला माहीत आहे का? आमच्या बापजाद्यांना शिवत नव्हते. गावाबाहेर ठेवत होते. आमच्या बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला धम्म दिला, तेव्हापासनं आम्ही बौद्ध.

त्याचा फडका थांबला. मला वाटलं, आता हा सरकणार. तो सरकला, पण जवळ. म्हणाला, "भैया, आज तुम्ही ज्यांचा ढोल ऐकलात ना, ती माझी जात. बेरवा. माझा चुलता कँडीकडच्या एका विहारात वाजवतो. जमीन विहाराची. वाजवलं तर जमीन. मी शिकलो नाही. दुबईला गेलो." मग त्यानं सांगितलं की त्यानं आडनाव बदललंय. कंपनीत कुणाला माहीत नाही.

चार दिवस हा पोरगा माझ्याशी हसत होता, मी त्याच्याशी. त्या चार दिवसांत आम्ही एकमेकांना ओळखतच नव्हतो.

वाजवलं तर जमीन! मित्रहो, हे काय आहे ते तुम्हाला समजावून सांगायला नको. ही महारकी आहे. वतनाच्या तुकड्यासाठी गावची चाकरी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते हेच दावं तोडायला. ती वतनं कायद्यानं गेली 1958 च्या कायद्यामुळं. श्रीलंकेत राजाची वेठ इंग्रजांनी 1830 च्या दशकात बंद केली, पण विहार-देवळांच्या जमिनींवरची चाकरी शिल्लक राहिली. 1870 च्या कायद्यानं चाकरीऐवजी पैसे भरायची सोय झाली, तरी ढोल जातीच्याच गळ्यात राहिला.

संघाचंही बघा. आज तिथला सर्वांत मोठा सियाम निकाय 1753 मध्ये सयामहून आलेल्या भिक्खूंच्या उपसंपदेनं सुरू झाला. थोड्याच वर्षांत त्याची दारं गोविगम या शेतकरी उच्च जातीपुरती उरली. मग खालच्या धरलेल्या सलागम जातीचे भिक्खू समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथनं उपसंपदा घेऊन आले आणि 1803 मध्ये अमरपूर निकाय उभा राहिला. चीवर मिळवण्यासाठी परदेश गाठावा लागला! रोडी नावाच्या जातीच्या बायकांना कँडीच्या राजवटीत कमरेच्या वर कपडा घालायची बंदी होती. 1957 मध्ये सामाजिक भेदभावाविरुद्ध कायदा झाला. तरी रविवारच्या इंग्रजी पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती आजही वाचा. 'गोवी बौद्ध' स्थळ पाहिजे, असं सरळ छापून येतं.

हे लिहून मला त्या म्हातारीचा अपमान करायचा नाही. तिनं दिलेला गिलास खराच होता. पण त्याच म्हातारीनं बेरवाच्या पोराला जावई करून घेतला असता का? मला माहीत नाही, आणि हे माहीत करून घेतल्याशिवाय 'इथं जात नाही' असं प्रमाणपत्र तिच्या देशाला देणारा मी कोण? ते प्रमाणपत्र मी दिलं की ते त्या हेल्परच्या उरावर बसणार. "बघा, भारतातले दलितसुद्धा म्हणतात, आमच्याकडं जात नाही." म्हंजे माझ्या पाहुणचाराचा खर्च त्याच्या खात्यावर.

बाबासाहेब 1950 च्या मे महिन्यात कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. पाहुणे म्हणून त्यांचाही मान झाला असेलच. पण आपण बौद्ध विधी बघायला आणि हा धम्म इथं कितपत जिवंत आहे ते तपासायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांनाही धम्म घ्यायचं आवाहन केलं. म्हंजे बौद्धांच्या देशात जाऊन त्यांनी आधी कुणाला शोधलं, ते लक्षात घ्या. हार घालणाऱ्यांच्या मागं कोण उभं आहे, ते बघायची ती नजर.

आता चहाचे मळे. नुवारा एलियाच्या वाटेवर बसेस थांबतात, टूरिस्ट उतरतात, पाटी पाठीला लावलेल्या बाईशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि तिच्या हातात नोट देतात. ती हसते. या बाया तमिळ. 1823 पासनं इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना आधी कॉफीच्या, मग चहाच्या मळ्यांवर आणलं. त्यांच्यातला मोठा भाग पल्लर, पराइयर, चक्किलियर. म्हंजे आपणच, दुसऱ्या भाषेतले. देश स्वतंत्र झाला आणि 1948 च्या नागरिकत्व कायद्यानं त्यांना बिनदेशाचं करून टाकलं. 1964 मध्ये शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला: सव्वापाच लाख माणसं भारतानं घ्यायची, तीन लाख त्यांनी ठेवायची. माणसं वाटून घेतली, पोती वाटावी तशी. उरलेल्यांच्या नागरिकत्वाचा निकाल 2003 च्या कायद्यानं लागला. 2021 मध्ये रोज 1000 रुपये मजुरी ठरली, त्यासाठीही वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

आमच्यात धारावीत वाढलेली एक ताई होती, तिला तमिळ येतं. तिनं फोटो काढायच्या आधी बोलणं काढलं. मळेवाल्या अक्कानं मला विचारलं, "काय काम करतोस?" सूतगिरणी, म्हटलं. "दिवसाला किती पडतात?" सांगितले. तिनं हिशेब केला आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, वजन भरलं नाही तर आमची हजेरी अर्धी. मी म्हटलं, आमच्यात बदलीवाल्याला काम न देता फाटकावरनं परत पाठवतात. तिनं तिची बोटं दाखवली, पानाच्या चिकानं काळी पडलेली. मी माझी दाखवली, सुतानं कापलेली. ती खळखळून हसली. हे हसणं नोटेसाठीचं नव्हतं. नोट कुणी दिली नाही, तिनं मागितली नाही.

या दोन हसण्यांतला फरक मला सांगायचाय. पाहुणचार नाव न विचारता होतो. मैत्री नाव सांगितल्यावर सुरू होते. पाहुणचार व्हिसा असेपर्यंत टिकतो. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत सांगितलं की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य नुसते वरचे रंग उरतील. आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी करुणेच्या पुढं मैत्री ठेवली. करुणा वरनं खाली येऊ शकते. मैत्रीला तसं येता येत नाही, तिला शेजारी बसावं लागतं.

कुणी म्हणेल, जन्मभर आडनाव विचारून आपल्याला छळलं, आणि तू पुन्हा नाव काढतोस? बरोबर आहे. म्हणून सांगतो: विचारायचं नाही, आधी आपण सांगायचं. विचारणारा दुसऱ्याला तागडीत घालतो. सांगणारा स्वतः तागडीत उतरतो. मी आधी सांगितलं म्हणून त्या पोरानं सांगितलं. मी त्याला जात विचारली असती तर त्यानं बदललेलं आडनाव पुढं केलं असतं आणि बरोबरच केलं असतं.

यासाठी श्रीलंकेला जायला लागत नाही. आमच्या गिरणीच्या खोल्यांत बिहार-ओडिशाची पोरं राहतात. बारा-बारा तास उभी असतात. नाव विचारलं की कित्येकजण नुसतं 'कुमार' सांगतात. पुढचं गिळतात. का गिळतात ते आपल्याहून जास्त कुणाला कळणार? एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत आपल्याला विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपलं उष्टं सवर्णांना चालत नव्हतं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हे तोंडावर विचारलं. आज रिंग फ्रेमवर धागा सांधताना माझ्या शेजारी तो 'कुमार' उभा असतो. इथं परका तो आहे, आणि यजमान आपण. आपल्या वस्तीत त्याला खोली मिळते का? विहारात तो येतो का? का आपणही त्याला 'भय्या' म्हणून मोकळे होतो?

येत्या वैशाख पौर्णिमेला मिरवणुकीच्या वर्गणीतला थोडा पैसा बाजूला काढू. दुसरी पाळी सुटायच्या वेळेला गिरणीच्या फाटकासमोर दानशाला लावू. भात, वरण, ताक. ज्याला यायचं त्यानं यावं. वाढणाऱ्यानं वाढून झाल्यावर तिथंच ताट घेऊन बसायचं, आपलं पूर्ण नाव सांगायचं, आपण कोण ते सांगायचं, आणि पगार किती पडतो ते विचारायचं. पुढचं त्यानं बोलायचं का नाही, ते त्याच्यावर सोडू.